कोपराने पाहिलेले पाणी

पौषातल्या सकाळी विहिरीचे पाणी कोमट असते आणि शेततळ्याचे पाणी हाडापर्यंत गार. पारनेरच्या पठारावर कांद्याची लागण करणाऱ्या कोणत्याही बाईला हे शिकवावे लागत नाही. तिचे पाय ते पहिल्याच मोसमात शिकतात. तरीही त्या वर्षी आदिनाथच्या रानात लागण शेततळ्याच्या पाण्यावर चालली होती, आणि त्याला कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. शेतीची वीज त्या महिन्यात सकाळी पावणेनऊला येई. त्याआधी विहिरीवरची मोटार मुकी. शेततळे मात्र रानाच्या वरच्या अंगाला होते. नळी खाली सोडली की पाणी आपोआप दांडाने वाफ्यात उतरे. शिवाय दिवसा येणाऱ्या विजेवर आदिनाथला गहू भिजवायचा होता. म्हणून बायांनी सहाला यावे, शेततळ्याच्या पाण्यावर वाफे चिखलावेत, लागण करावी आणि एक वाजता मोकळे व्हावे, असा क्रम ठरला होता. तो छबूबाईने ठरवला होता.

छबूबाई टोळीची मुकादमीण. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, बोलायला तोडून. तिच्या हाताखाली अकरा बाया होत्या. त्यांत तिची सून रेश्मा होती, आणि तीस वर्षे लागणीच्या रांगेत शेजारची पात धरून तिच्याशी तोंडाला तोंड देणारी रंगुबाई होती. लागणीखेरीज छबूबाईचा गावात आणखी एक मान होता. बाळंतीण घरी आली की बाळाला न्हाऊ घालायला तिला बोलावणे जाई. पाय लांब करून, नडग्यांवर पोर पालथे घालून ती ज्या सहजतेने त्याला चोळी, ते पाहायला आळीतल्या बाया दारात जमत. गावातल्या चाळिशीच्या आतल्या निम्म्या माणसांच्या पाठी तिच्या तळव्यांनी चोळलेल्या होत्या. आदिनाथही त्यांपैकीच एक, आणि म्हणूनच पंधरा एकरांच्या त्या मालकाला ती एकेरीत हाक मारी.

आणि छबूबाईला थंडी लागत नाही, अशी तिची ख्याती होती.

ही ख्याती पाच-सहा वर्षांची. आधी दोन-तीन हिवाळे तिच्या तळपायांना मुंग्या येत. जमिनीवर पाऊल टेकले की खाली मुरमाऐवजी वारूळ असल्यासारखे वाटे. मग त्या मुंग्या एके वर्षी निघून गेल्या. जाताना त्या काय घेऊन गेल्या, हे छबूबाईने तपासले नाही. अंग कामाला सरावले, एवढाच अर्थ तिने काढला, आणि टोळीनेही तोच मान्य केला. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत तपासणीचे शिबिर झाले, तेव्हा तिला शुगर असल्याचे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. महिनाभर तिने त्या घेतल्या. काही दुखत नव्हते, काही दुखायचे थांबले नाही. तेव्हा गोळ्या डाळीच्या डब्यामागे गेल्या.

त्या सोमवारी सहा वाजता रान दिसत नव्हते, फक्त बायांच्या तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. प्रत्येकीने लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. बांधावरच्या गवतावर दव इतके दाट होते की पायवाट चालून येईतो पिंढऱ्या ओल्या झाल्या. रोपांच्या जुड्या आदल्या दिवशी उपटून, शेंडे छाटून ठेवलेल्या होत्या. आदिनाथने नळीचे तोंड सोडले. पाणी दांडातून आवाज न करता आले आणि पहिल्या वाफ्यात पसरले.

"उतरा," छबूबाई म्हणाली, आणि स्वतः सर्वांआधी उतरली.

चिखल घोट्याच्या वर आला. तिच्या मागून रेश्मा उतरली आणि तिने दात आवळून श्वास आत ओढला. रंगुबाईने तर उघड हाक मारली, "आयो माय! ह्यो चिखल हाय का बरफगोळा? आदिनाथ, वरून जरा रंग तरी टाक रं, चोखून खाऊ."

"तोंड हालतंय तेवढं हात हालव," छबूबाई म्हणाली.

"हात कुठं हायेत? मला तर दिसतच न्हाईत. तुझ्याकडं आले असतील तर दे."

बाया हसल्या, हसण्यातही दात वाजत होते. मग पात धरली गेली आणि हसणे थांबले. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने रोपाचे मूळ चिखलात दाबायचे, चार बोटे सोडून पुढचे, आणि उकिडवे बसल्या बसल्या मागे सरकायचे. पहिला अर्धा तास बोटे झोंबतात. नंतर दुखतात. नंतर त्यांचे दुखणे थांबते आणि ती लाकडाची होतात. रोप हातात आहे की सुटले, हे डोळ्यांनी पाहावे लागते. तरुण बाया मधूनमधून बोटे काखेत घालीत. छबूबाईने ती कधी घातली नाहीत. तिचा वाफा इतरांच्या दीड हात पुढेच असे.

"आत्याबाई," रेश्मा हलक्या आवाजात म्हणाली, "नऊला सुरू केलं तर न्हाई का चालनार? तवा हिरीचं पानी येतं. ऊनही पडतं."

"अन् ऊन चढलं की रोप मान टाकतं, ते? एकला सुटनार का चारला? घरी कोन करील?"

"पौषातलं ऊन ते. त्यात काय रोप मान टाकतंय?"

"तुला लई कळाया लागलं. थंडी काय माझ्यापाशी न्हाई येत? मला बघ."

रेश्माने पाहिले. सासूचे पाय चिखलात रोवलेले होते आणि चेहऱ्यावर कशाचीही खूण नव्हती. त्या निर्विकारपणाचा रेश्माला लग्नानंतरची नऊ वर्षे आदर वाटत आला होता. त्या सकाळीही वाटला.

नऊ वाजता न्याहारीला बाया बांधावर चढल्या. आदिनाथच्या आईने, आक्काबाईने, तुराट्यांची शेकोटी पेटवून ठेवली होती आणि चहाचे पातेले आणले होते. आक्काबाई छबूबाईच्याच वयाची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या. बायांनी पाय न पुसता, चिखलासह जाळापुढे पसरले. अंगातून कुबट वाफ निघू लागली. बधिर बोटांत रक्त परत येताना जी कळ उठते ती गार पाण्याच्या कळेपेक्षा वाईट असते; दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी ते धुरावर ढकलले. छबूबाई जाळाच्या सर्वांत जवळ बसली होती. तिने भाकरीचा घास चटणीला लावला, आणि मुकादमिणीला शोभेल अशा आवाजात उरलेल्या वाफ्यांचा हिशेब सांगायला लागली.

"कुनी सुकट भाजतंय का गं?" रंगुबाईने नाक वर केले. "खमंग वास सुटलाय. एकटी एकटी खाऊ नका."

कोणीच सुकट आणली नव्हती. रेश्माने वासाचा माग काढला आणि तिच्या हातातली कपबशी कलंडली. एक जळते तुरकाठ मोडून शेकोटीबाहेर घसरले होते, आणि त्याच्या लाल तोंडावर तिच्या सासूची डावी टाच टेकलेली होती. छबूबाई बोलत होती. "दुपारपतुर तीन वाफं व्हत्यात, मग त्या अंगाचं..."

"आत्याबाई, पाय!"

छबूबाईने खाली पाहिले. पाय तिने लगेच ओढला नाही; तो आपलाच आहे की नाही हे ठरवायला तिला एक क्षण लागला. मग ओढला, राख झटकली, आणि टाच लुगड्याच्या काठाखाली घेतली.

"कातडं जाड हाय," ती म्हणाली. "चटका बसला जरासा. चला, उठा. बसून वाफं भरत न्हाईत."

पुन्हा ती सर्वांआधी उतरली. जळलेली टाच गार चिखलात बुडाली, आणि तिचा चेहरा सकाळी होता तसाच राहिला. रेश्माच्या अंगावर मात्र काटा आला. सकाळी तिला जे धैर्य वाटले होते, ते धैर्य नसावे, ही शंका तिला प्रथम तिथे, घोटाभर चिखलात आली.

संध्याकाळी घरी रेश्माने ऊन पाण्याने आणि साबणाने तो पाय धुतला. टाचेवर रुपयापेक्षा मोठा फोड आलेला, कडेने कातडे पांढरे. तिने फोडाच्या भोवती बोटाने दाबले.

"दुखतंय?"

"न्हाई."

रेश्माने आणखी दाबले. या वेळी ती पायाकडे न पाहता तोंडाकडे पाहत होती. सासू शांतपणे लसूण सोलत होती.

"उद्या दवाखान्यात जाऊ."

"न दुखनारा पाय घेऊन दवाखान्यात कोन जातं गं? हसतील."

"दुखत न्हाई म्हनूनच जायचं."

"हनुमंताला फोन करू नको," छबूबाईने विषय तोडला. हनुमंत तिचा मुलगा. तो सुप्याला कंपनीत होता आणि आठवड्याला घरी येई. "तो ईल अन् बसवील मला घरात. शेजारच्या गावचा मुकादम टेम्पो घेऊन टपलाच हाय. मी चार दिस बसले की अर्ध्या बाया त्याच्या टेम्पोत. अन् बसलेल्या बाईला परत कुनी उभं करत न्हाई, रेश्मे. आक्काबाईसारखी माझी पंधरा एकर न्हाईत, बांधावर बसून चहा वाटाया."

सासूच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. रेश्माने हळद भरून फडके बांधले.

मंगळवारी छबूबाईने त्या फडक्यावर युरियाच्या गोणीचा आतला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, सुतळीने आवळला आणि वर लुगडे सोडले. दहा मिनिटांत चिखल कागदात शिरला. गुंडाळलेले पाऊल निसरडे झाले, टेकेना. म्हणून ती सगळा भार उजव्या पायावर घेऊन बसली, आणि डावीकडे रोप दाबायला तिचा अंगठा पुरेसा खोल जाईना. आजवर दीड हात पुढे असणारी तिची पात प्रथम इतरांच्या बरोबरीला आली, मग मागे पडली. रंगुबाईने वळून पाहिले. आपला वाफा संपवून ती मुकाट छबूबाईच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि उलट्या बाजूने रोपे लावत आली. तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते.

दुपारी पाणी भरताना आदिनाथची हाक आली. "मावशी, इकडं या जरा. ही पात कुनाची हाय?"

वाफ्याच्या कडेची वीस-पंचवीस रोपे मुळांसह पाण्यावर तरंगत होती. अकरा जणी कमरेवर हात ठेवून पाहू लागल्या. आदिनाथच्या बोलण्यात राग नव्हता, पण काळजी होती. त्याचे रोप पन्नास दिवसांचे होऊन गेले होते, आणखी आठवडा राहिले असते तर माती झाली असती.

"माझी," रेश्मा म्हणाली.

"वैनी, असं वर वर टोचून कसं चालंल? परत लावावं लागंल सगळं."

"लावते."

छबूबाई उभी होती. सून वाकून तरंगणारी रोपे वेचू लागली, तेव्हा तिने आयुष्यात प्रथमच मान दुसरीकडे वळवली. घरी फडके सोडले तेव्हा पाऊल धुण्याच्या पाण्यात रात्रभर विसरलेल्या कपड्यासारखे सुरकुतले होते. फोड फुटला होता आणि आतले मांस लाल नव्हते, राखाडी होते.

"लाल असतं तर बरं हुतं," रेश्मा म्हणाली. छबूबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

बुधवारी थंडी आणखी वाढली. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर काठाने गोठल्या दवाची पांढरी रेघ धरली होती. पाणी दांडातून आले, वाफ्यात पसरले. छबूबाई बांधावर उभी राहून सुतळी आवळीत होती.

"उतरा," ती म्हणाली.

बाया लुगडी खोचू लागल्या. रेश्मा हातातली जुडी खाली ठेवून बांधावर बसली.

"काय झालं?"

"मी न्हाई उतरत. माझं पाय बधिर व्हतात. नऊला हिरीचं पानी आल्यावर उतरंन."

क्षणभर कोणाचा ऐकलेल्यावर विश्वास बसला नाही. मुकादमिणीच्या सुनेने टोळीसमोर बोलावे, ही गोष्ट त्या रानात नवीन होती.

"तुझ्या एकटीचंच पाय नाजूक का?" छबूबाईचा आवाज चढला. "बाकीच्या काय दगडाच्या हायेत? लाज वाटंना का? काल पात बिघडवली ती बिघडवली..." ती अडखळली. कालची पात कोणाची होती हे त्या बांधावर दोघींनाच नक्की ठाऊक होते, आणि ज्या दोघींना ठाऊक होते त्या एकमेकींकडे पाहत होत्या. रेश्माने फक्त मान खाली घातली, आणि कालचा दोष पुन्हा एकदा स्वतःच्या अंगावर राहू दिला.

ती खाली घातलेली मान पाहून रंगुबाईने खोचलेले लुगडे सोडले. "रेश्मा नाजूक असंल तर मीही नाजूक. माझ्या पायाचा अंगठा चार दिस झाले मला सापडत न्हाई. जोडवं हाय का गेलं, बघावं लागतं."

"तू तर बोलूच नको."

"का नको? तुझ्यापुढं बोलाया लाज वाटत हुती म्हनून गप हुते. तुला लागत न्हाई थंडी, आमाला लागती, छबूबाई. आमी मानसं हाओत."

मागून एकीने बोटे पुढे केली; ती सुजून वांग्यासारखी झाली होती आणि सांध्यांवर चिरा पडल्या होत्या. दुसरी म्हणाली, तिला घरी गेल्यावर दोन तास चूल पेटवता येत नाही, काडी धरवत नाही. गेले दोन आठवडे प्रत्येकीने हे एकटीने सोसले होते. कारण आपण एकट्याच कच्च्या आहोत, असे प्रत्येकीला वाटत होते.

आवाज ऐकून आदिनाथ आला, मागून शाल पांघरलेली आक्काबाई.

"मावशी, काय ह्ये? रोप हाताबाहीर चाललंय माझं. हिरीला पानी दोन-तीन तास टिकतं, ते गव्हाला लागतं. गव्हाला काय पाजू?"

"ह्येच पाज की," रंगुबाईने शेततळ्याकडे हात केला. "आमाला हिरीचं दे, गव्हाला तळ्यातलं."

"गार पानी?"

"मग काय झालं? गव्हाला पाय हायेत का?"

बाया हसल्या. आदिनाथही हसला असता, पण तो खरोखरच विचारात पडला. दोन्ही पाण्यांची अदलाबदल करण्यात अडचण नेमकी कोणती, हे त्याला शोधूनही सापडेना. अडचण एकच होती. आजवर तसे कोणी केले नव्हते.

"मावशी ठरवतील तसं," तो शेवटी म्हणाला.

सगळ्या छबूबाईकडे वळल्या. ती ताठ उभी होती. होकार दिला तर सुनेपुढे हार होती. नकार दिला तर आज ना उद्या टोळी गेलीच होती. आणि या दोन्हींच्या खाली, प्लॅस्टिकात आवळलेले, एक तिसरे काही होते, ज्याचे नाव तिने स्वतःलाही सांगितले नव्हते.

तेव्हा रेश्माने विचारले. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. चुलीपाशी बसून एखादी रीत विचारावी, तसा होता.

"आत्याबाई, तुमी बाळाचं पानी कशानं बघता?"

"काय?"

"न्हाऊ घालताना. घंगाळातलं पानी कढत हाय का गार, हे तुमी हात घालून बघत न्हाई. कशानं बघता?"

"कोपरानं," छबूबाई चिडून म्हणाली. "हे काय आता विचारायचं?"

"हातानं का न्हाई बघत?"

"हाताचं कातडं मेलेलं असतंय. त्याला कळत न्हाई. कढत पानी बी कोमट लागतं, अन् पोर..."

ती थांबली.

बायांना हा प्रश्न अवांतर वाटला. आदिनाथला तर तो कळलाच नाही. बांधावरच्या एका बाईला मात्र तो पुरता कळला. हाताला कळत नाही म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे छबूबाईने दोन पिढ्यांच्या बाळंतिणींना सांगितले होते. एकही पोर तिच्या हातून भाजले नव्हते. त्या ज्ञानाचा तिला अभिमान होता, आणि तो रास्त होता. मग पायाला कळत नाही, हा पुरावा तिने कशाच्या बाजूने मोजला होता?

वाफ्यात पाणी भरत होते. मग छबूबाई बांधावर खाली बसली. तिने सुतळीची गाठ सोडायला घेतली. ओली गाठ बधिर बोटांना सुटेना. रेश्मा पुढे झाली, पण छबूबाईने तिला हाताने अडवले आणि गाठ दातांनी सोडवली. कागद उलगडला. फडके उलगडले.

वास आधी आला. रंगुबाईने पदर तोंडाला लावला, आणि तिला आठवण झाली. "म्हंजे परवा ते... सुकट..." ती छबूबाईशेजारी खाली बसली.

"छबे!" आक्काबाई धावली. "अगं, हे काय करून घेतलंस! आदिनाथ, चुलीवरचं पानी आन, आधी पाय शेकू..."

"नको," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज प्रथमच बारीक झाला होता. "शेकू नको, आक्काबाई. मला कळायचं न्हाई, पुन्हा भाजंल." आणि मग, बायांकडे न पाहता, "कालची पात माझी हुती. रेश्माची न्हवं. मला पायच कळत न्हाई. किती वर्सं झाली, तेही सांगता यायचं न्हाई."

बायांना तिच्या थंडी न लागण्याचा अर्थ तिथे कळला. कोणी तो शब्दांत मांडला नाही. आक्काबाईने अंगावरची शाल काढली, आधी पायावरचा ओला चिखल कोरड्या टोकाने टिपला, जखमेला हात न लावता, आणि मग पाऊल तीत सैल गुंडाळले.

"नऊ वाजता," छबूबाई आदिनाथला म्हणाली. मुकादमिणीचा आवाज परत आला होता. "हिरीचं पानी. चारला सुटंल टोळी. तुझं रोप आठ दिसांत जमिनीत जाईल, ही माझी जबान. आता गाडी काढ."

पारनेरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक बारीक दोऱ्यासारखी काडी घेतली आणि छबूबाईला डोळे मिटायला सांगितले. काडी तळव्याला लागली की "लागली" म्हणायचे. छबूबाईने चार वेळा "लागली" म्हटले. चारही वेळा काडी तळव्यापासून दूर, डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. नंतर ती दहा वेळा लागली, तेव्हा छबूबाई ती लागण्याची वाट पाहत डोळे मिटून बसलेली होती. रेश्माने भिंतीकडे तोंड केले.

पाऊल वाचेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या; आणखी चार दिवस चिखलात गेले असते तर असे म्हणता आले नसते. महिनाभर पाऊल भिजवायचे नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत, शेकोटीला पाय दाखवायचे नाहीत, आणि रोज संध्याकाळी दोन्ही तळवे कोणाकडून तरी पाहून घ्यायचे. "ज्यांना कळतं, त्यांनीसुद्धा ओले पाय आधी पुसावेत, कोरडे करावेत, मगच लांबून शेकावेत," त्या म्हणाल्या. छबूबाईने हे सगळे शिक्षा ऐकावी तसे ऐकले.

पुढच्या सोमवारी टोळीतल्या दोघी टेम्पोत गेल्या. नऊ उरल्या. साडेआठला त्या रानात आल्या तेव्हा दव विरत होते आणि उन्हाचा पहिला पट्टा वाफ्यांवर पडला होता. शेततळ्याचे पाणी पलीकडे गव्हात शिरत होते. शेकोटी होती, पण तिच्याभोवती तीन हातांवर दगडांचे कडे होते, आणि शेजारी कोरड्या गोणपाटांची चळत. दगड रंगुबाईने रचले होते. "ह्याच्या आत पाय घालील तिची सुकट," असे तिने जाहीर केले होते.

दवाखान्यानंतर प्रथमच छबूबाई रानात आली, आदिनाथच्या गाडीवरून. पायांत हनुमंताचे लोकरी मोजे, वर सैल बूट. आक्काबाईने बांधावर पोते अंथरले. छबूबाई त्याच्याकडे बघत राहिली. बसलेल्या बाईला परत कोणी उभे करीत नाही, हे तिचेच वाक्य होते. तिने ते मागे घेतले नाही. पण ती बसली आणि रोपांचे शेंडे छाटू लागली. तिच्या जागी, पातीच्या डाव्या टोकाला, रेश्मा उभी राहिली.

पावणेनऊला मोटार घुमली. थोड्या वेळाने पाणी दांडातून येताना दिसले. बाया लुगडी खोचून वाफ्याच्या कडेला आल्या. सवयीने त्यांचे पाय आखडले होते, आणि सवयीनेच त्या छबूबाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

छबूबाईने विळा खाली ठेवला. नवऱ्याच्या शर्टाची बाही दंडापर्यंत दुमडली, बांधावर एका कुशीवर कलली, आणि वाहत्या पाण्यात कोपर बुडवले.

"थांबा," ती म्हणाली. "पाइपात रातभर तुंबलेलं पानी हाय हे. जाऊ द्या."

नऊ बाया उघड्या पायांनी थांबल्या. आदिनाथ खोरे घेऊन थांबला. रोप थांबले. छबूबाईने कोपर काढले नाही. दोन्ही बाजूंनी पाणी वळसा घालून जात होते आणि तिचे डोळे, घंगाळापाशी असत तसे, अर्धवट मिटलेले होते.

"पावडर लावतीस का गं नंतर?" रंगुबाई म्हणाली. "तीटही लाव, नजर लागंल आमाला."

"गप. हलू नको," छबूबाई म्हणाली.

मग पाण्याची ऊब कोपराला लागली. ती तिला लागली. यात शंका नव्हती. आणखी थोडे वाहू देऊन तिने खात्री करून घेतली.

"उतरा," ती म्हणाली.

रेश्मा सर्वांआधी उतरली.